एजंट नेमका कुणाचा?

दरवर्षी मे-जून आला की पुण्यात भाड्याच्या घरांची धावपळ सुरू होते आणि तिच्यामागोमाग एक जुनं भांडणही. कॉलेजसाठी आलेली मुलं, हिंजवडी-खराडीला नोकरी लागलेले तरुण, बदली होऊन आलेली कुटुंबं एका बाजूला आणि घरं दाखवणारे एजंट दुसऱ्या बाजूला. एक बाजू म्हणते, सगळे दलाल चोर, दोन दारं उघडतात आणि महिन्याचं भाडं उपटतात. दुसरी म्हणते, तुम्हाला सगळं फुकट हवं. उन्हातान्हात आम्ही फिरायचं आणि पैसे द्यायची वेळ आली की तुम्ही फोन उचलायचा नाही. मग कुणी एजंटाचा प्रांत काढतं, कुणी भाडेकरूची ऐपत. हे भांडण मी कैक वर्षं ऐकतो आहे आणि ते मुळातच चुकीच्या जागी अडकलंय, असं माझं ठाम मत आहे. एजंट प्रामाणिक की लबाड, यावर कितीही वाद घातला तरी हाती काही लागणार नाही. विचारायचं ते हे, की तो कुणाचा माणूस आहे? काम तो घरमालकाचं करतो आणि पैसे भाडेकरूकडून घेतो, पुष्कळदा दोघांकडूनही घेतो. ही रचना अशीच राहिली तर उद्या सगळे एजंट सज्जन झाले तरी भाडेकरूची फरफट थांबणार नाही. ज्याने एजंट नेमला त्यानेच त्याची दलाली द्यावी, ती लेखी ठरावी आणि तिची पावती मिळावी, हे कायद्यानेच बंधनकारक झालं पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी भाचीसाठी घर शोधत होतो. तिची आई, म्हणजे माझी ताई, तिच्यासोबत राहणार होती. ताईच्या गुडघ्यांमुळे लिफ्ट आणि पाणी या दोन गोष्टी आम्हाला महत्त्वाच्या होत्या. बाणेरजवळचा एक फ्लॅट पाहायला गेलो. एजंट तिशीतला, बोलायला मऊ. ताईला जिना चढायला लागू नये म्हणून लिफ्ट खाली येईपर्यंत तो स्वतः थांबला, वर गेल्यावर शेजारून खुर्ची मागून आणली. आणि मग त्याने भाचीला विचारायला सुरुवात केली. आडनाव काय? मूळचे कुठले? कंपनी कुठली, पगार किती? जेवण व्हेज की नॉनव्हेज? मित्रमंडळी घरी येतात का? रात्रपाळी असते का? लग्नाचं काही ठरलंय का? नोकरी करणारी सव्वीस वर्षांची मुलगी आईदेखत ही उत्तरं देत होती. तिचं झाल्यावर मी विचारलं, पाणी किती वेळ येतं? ‘पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही, काका.’ लाइट गेली तर लिफ्टला बॅकअप आहे? ‘असेल ना.’ टँकर मागवावा लागतो का? ‘ते सोसायटीत विचारावं लागेल.’

घर घेतलं. दलाली एका महिन्याच्या भाड्याएवढी, पंचवीस हजार, करारावर अंगठा उमटला त्याच संध्याकाळी मोजून दिली. एप्रिल उजाडला तसं नळाला दिवसातून जेमतेम अर्धा तास पाणी येऊ लागलं. बाकीचं टँकरचं, आणि टँकरची वर्गणी राहणाऱ्याच्या माथी. एजंटाला फोन केला. तो चिडला नाही, फक्त म्हणाला, ‘काका, मी फ्लॅट दाखवतो. पाण्याचं तुम्ही मालकांशी बोला.’ मालक अमेरिकेत. त्यांची किल्ली याच माणसाकडे, घराची देखभाल याच माणसाकडे, पुढचा भाडेकरू शोधायचं कामही याच्याकडेच.

तो आमच्याशी खोटं बोलला, असं मी म्हणणार नाही. पाण्याची माहिती करून घ्यायची त्याला गरजच नव्हती, कारण ती माहिती ज्याला हवी होती तो त्याचा मालक नव्हता. भाचीचं आडनाव त्याने पहिल्या मिनिटाला विचारलं, कारण ते ज्याला हवं होतं त्याचंच तो काम करत होता. माझी तक्रार त्याच्या वागण्याबद्दल नाहीच. ज्याच्यासाठी त्याने चौकशी केली त्याच्याऐवजी, जिची चौकशी केली तिच्याकडून पंचवीस हजार घेतले, हे मला खटकतं.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या १८२व्या कलमात एजंट म्हणजे काय ते सांगितलंय: दुसऱ्यासाठी एखादं काम करायला किंवा तिऱ्हाइताशी व्यवहारात त्याच्या वतीने उभं राहायला नेमलेला माणूस. म्हणजे कुणाचाच नसलेला एजंट कायद्याला ठाऊकच नाही. त्याच कायद्याचं २२०वं कलम म्हणतं, की सोपवलेल्या कामात एजंटाने गैरवर्तन केलं तर त्या कामाच्या मोबदल्यावर त्याचा हक्क राहत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याला जे समजलं होतं ते आपल्या भाड्याच्या बाजारात कुणी विचारतच नाही. आपल्याकडे लग्न जुळवणारा मध्यस्थही असायचा. तो दोन्ही घरचा असायचा खरा, पण त्याला पुढची तीस वर्षं त्याच दोन घरांत तोंड दाखवायचं असायचं. मुलाचं व्यसन लपवलं तर पुढच्या प्रत्येक कार्यात त्याचा हिशेब होई. घराच्या एजंटाला अकरा महिन्यांनी नूतनीकरणाचे पैसे मागण्यापलीकडे भाडेकरूचं तोंडही पाहावं लागत नाही.

आता एजंटांच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं, कारण ते पुष्कळ आहे. एक सौदा जुळायला त्यांना पंधरा-वीस जणांना घरं दाखवावी लागतात. त्यातले निम्मे वेळ देऊन येत नाहीत, काहीजण घर पाहून एजंटाला बाजूला सारून थेट मालकाला गाठतात. पेट्रोल त्याचं, फोन त्याचा, रविवार त्याचा, आणि सौदा फिसकटला तर पदरात शून्य. परदेशात असलेल्या मालकाचा गळका नळ, थकलेलं मेंटेनन्स, सोसायटीची नोटीस हे सगळं तोच निस्तरतो. कितीतरी जणांना या व्यवसायाने पुण्यात उभं केलंय: कुणी इस्त्रीचं दुकान सांभाळत हे करतो, कुणी नोकरी सुटल्यावर यात आला. त्यांना ‘दलाल’ म्हणून शिवीसारखं हिणवणं मला अजिबात पटत नाही. त्यांच्या कष्टाला मोल आहे. पण वीसपैकी एकोणीस फेऱ्या वाया जातात त्याचा खर्च विसाव्यानेच का भरायचा? त्या वीसही फेऱ्या मालकाची जागा रिकामी पडू नये म्हणून होत्या. कष्ट झाले हे खरं, पण ते कुणासाठी झाले ते विचारल्याशिवाय बिल कुणाच्या नावाने फाडायचं हे ठरत नाही.

‘तुमच्यावर जबरदस्ती कुणी केली? नको असेल तर एजंटाकडे जाऊ नका,’ हा दुसरा युक्तिवाद. ऐकायला बिनतोड वाटतो. मात्र ज्याने या शहरात भाड्याचं घर शोधलंय त्याला त्यातली खोट लगेच कळते. भाडेकरू घर निवडतो, एजंट निवडत नाही; एजंट घराबरोबर येतो. मला हवा असलेला, भरवशाचा एजंट मी घेऊन गेलो तरी किल्ली ज्याच्याकडे आहे त्याचे पैसे चुकत नाहीत. ‘नो ब्रोकरेज’ लिहिलेल्या जाहिरातीवर फोन केला तर पलीकडून एजंटच बोलतो, ‘तो फ्लॅट कालच गेला, पण त्याच बजेटमध्ये दुसरा आहे.’ ॲप आले की हे सगळं संपेल, असं दहा वर्षांपूर्वी वाटत होतं. आता एजंटच ॲपवर आहेत आणि मालकाचा नंबर पाहायला ॲप वेगळे पैसे घेतं. ज्याची निवडच आपण केली नाही त्याच्याशी आपण स्वखुशीने करार केला, असं म्हणता येईल का?

‘पण महारेरा आहे की!’ असं सुशिक्षित माणसंही म्हणतात. बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणारं हे राज्याचं प्राधिकरण आहे, आणि त्याने काम केलंय. रेराचा कायदा २०१६चा, महाराष्ट्रात तो १ मे २०१७पासून राबवला गेला. नवव्या कलमाने एजंटाला नोंदणी सक्तीची केली, दहाव्याने खोटी आश्वासनं आणि दिशाभूल यांना मनाई केली, बासष्टाव्याने दिवसाला दहा हजारांपर्यंत दंड ठेवला. २०२३मध्ये महारेराने एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण होण्याची अटही घातली, आणि देशात हे पहिल्यांदा करणाऱ्यांमध्ये आपण आहोत. पण कायद्यातली एजंटाची व्याख्या वाचा. ती विक्रीच्या व्यवहारापुरती आहे, आणि नोंदणीची सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांपुरती. भाड्याचं घर त्यात बसत नाही. पंचवीस वर्षं जुन्या इमारतीतला पुनर्विक्रीचा फ्लॅटही बसत नाही. म्हणजे ऐंशी लाखांचा नवा फ्लॅट घेणाऱ्याच्या पाठीशी थोडाफार कायदा आहे, आणि ज्याची सगळी पुंजी डिपॉझिटमध्ये गेली आहे त्याच्यासाठी काहीच नाही. ग्राहक आयोगाकडे जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फीही लागत नाही. पण तिथे पहिला प्रश्न असतो पुराव्याचा, आणि दलालीची पावती कुणाकडे असते?

आता सर्वांत वजनदार आक्षेप. अर्थशास्त्र थोडंफार शिकलेला कुणीही म्हणेल, मालकाने दलाली दिली तर तो ती भाड्यात घालेल, भाडेकरूच्या खिशातून ती जायची ती जाईलच. यात तथ्य आहे. काही भाग भाड्यात जाईल, हे मी मान्य करतो. पण पूर्ण जाईल का? आणि गेला तरी गोष्ट तीच राहील का? भाडं जाहिरातीत लिहिलेलं असतं, शेजारच्या इमारतीशी त्याची तुलना होते, त्यावर घासाघीस होते. दलालीवर होत नाही. ती शेवटच्या दिवशी, टेम्पो खाली उभा असताना समोर येते. भाडं अकरा महिन्यांत विभागून जातं, दलाली डिपॉझिटसोबत एकदम मोजावी लागते. पंचवीस हजार भाड्याच्या घरात शिरताना पंच्याहत्तर हजार डिपॉझिट, एक महिन्याचं आगाऊ भाडं आणि पंचवीस हजार दलाली, म्हणजे पहिला पगार हातात पडायच्या आधी सव्वा लाख. त्याच कराराच्या नोंदणीसाठी, ज्याला कायद्याची मान्यता मिळते त्या कागदासाठी, सरकार मुद्रांक शुल्क पाव टक्क्याच्या हिशेबाने साधारण सातशे रुपये आणि नोंदणी फी एक हजार घेतं. मुख्य म्हणजे, मालक एजंटाशी घासाघीस करू शकतो. त्याच्याकडे घर आहे, तो चार एजंटांना विचारू शकतो. भाडेकरूसमोर एकच उभा असतो. आणि दर नव्या भाडेकरूमागे मालकाला खर्च पडू लागला, तर दर अकरा महिन्यांनी घर रिकामं करून घ्यायची घाईही कमी होईल.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. जर्मनीने १ जून २०१५पासून भाड्याच्या घरांना हाच नियम लावला, की ज्याने बोलावलं त्याने द्यावं. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो पुढच्या वर्षी वैध ठरवला. इंग्लंडने २०१९मध्ये भाडेकरूंकडून एजंटांनी असं शुल्क घ्यायलाच बंदी केली. न्यूयॉर्कमध्ये, जिथे भाडेकरू आपल्यासारखाच मालकाच्या एजंटाचे पैसे भरत असे, जून २०२५पासून ते थांबलं. पण मला जर्मनीपेक्षा जवळचा दाखला द्यायचा आहे, आपल्या बाजार समितीचा.

शेतकरी माल घेऊन यायचा, अडत्या तो विकून द्यायचा आणि पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदातून, हमाली, तोलाईबरोबर अडत, म्हणजे आपली दलाली, कापून घ्यायचा. कागदोपत्री अडत्या शेतकऱ्याचा माणूस. पण शेतकरी हंगामात चार वेळा येणारा आणि खरेदीदार रोजचा, मग अडत्याने कुणाचं मन राखायचं? डिसेंबर २०१४मध्ये पणन संचालकांनी अडत खरेदीदाराकडून घ्यायचा आदेश काढला. व्यापाऱ्यांनी विरोध केला, सरकारने आदेशाला स्थगिती दिली. जुलै २०१६मध्ये फळं-भाजीपाल्याचं नियमन उठवताना अडत पुन्हा खरेदीदारावर टाकली गेली, बाजार बंद ठेवले गेले, आणि या वेळी सरकार हललं नाही. तेव्हाही हेच सांगितलं जात होतं, की खरेदीदार तेवढा भाव पाडेल, शेतकऱ्याला काय फरक पडणार? तरीही नियम झाला, कारण ज्याच्याकडे माल विकण्याची घाई आहे त्याच्यावरच सगळी कपात लादणं अन्यायाचं आहे, हे सगळ्यांना दिसत होतं. काही ठिकाणी अडत आजही वेगळ्या नावाने कापली जाते, अशी शेतकऱ्यांची तक्रार असते. पण आज तो पट्टी हातात धरून बोट ठेवू शकतो, की हे बेकायदा आहे. घरभाड्याच्या बाजारात घाई कुणाला असते? रविवारपर्यंत हॉस्टेल सोडायचं असलेल्या मुलीला.

यावर कुणी म्हणेल, कायदा केला की व्यवहार टेबलाखालून होतो. हा इशारा मी गांभीर्याने घेतो, कारण मुंबईने तो भोगलाय. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला, म्हणजे घर भाड्याने देताना भाड्याशिवाय वर घेतल्या जाणाऱ्या रकमेला, मनाई केली, आणि पुढची पन्नास वर्षं पागडी रोखीत, अंधारात, बिनपावतीची चालत राहिली. शेवटी १९९९च्या कायद्याने तिला मान्यता दिली. म्हणून दलाली बंद करा, असं मी म्हणत नाही. ती उजेडात आणा, असं म्हणतो. त्यासाठी पुणे जिल्ह्यातलाच दाखला आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. माणसांना त्यांनी फारसा हात लावला नाही. त्यांना कर्जखतं हवी होती, आणि ती त्यांनी जाळली. बहुतेक सावकार बाहेरून आलेले होते, आणि आज एजंटांचा प्रांत निघतो तसा तेव्हा सावकारांचा निघत असे. पण १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने सावकार कुठला, याच्याशी मतलब ठेवला नाही आणि सावकारी बंदही केली नाही. दस्त गावच्या निबंधकासमोर करा, पैसे मिळाले की पावती द्या, मागितला तर वर्षाचा हिशेब द्या, आणि कर्जाचा मूळ इतिहास कोर्टाने तपासावा, असं त्याने सांगितलं. सावकारांनी पळवाटा शोधल्याच. पण रोग कुठे आहे, ते त्या कायद्याने बरोबर ओळखलं होतं: ज्या कागदावर एकाच बाजूचं चालतं, त्या कागदात.

आपल्याकडे तो कागद तयारच आहे. १९९९च्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमाने लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं बंधनकारक आहे, जबाबदारी मालकाची, चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. नोंदणी आता घरबसल्या होते. भाचीच्या वेळी लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन एक मुलगा आला होता. भाचीचा फोटो निघाला, अंगठा उमटला. मालकांच्या भावाने मुखत्यारपत्रावर अंगठा दिला. ताईने आणि मी साक्षीदार म्हणून दिले. एजंट समोरच्या खुर्चीवर बसून सगळ्यांना कुठे बोट ठेवायचं ते सांगत होता. त्या कराराची प्रत माझ्यापुढे आहे. त्यात गीझर आहे, तीन पंखे आहेत, दोन किल्ल्या आहेत. पंचवीस हजार घेतलेला माणूस कुठेच नाही.

त्या कागदात चार रकाने वाढवायचे आहेत: एजंटाचं नाव आणि नोंदणी क्रमांक, त्याला कुणी नेमलं, किती पैसे ठरले, कुणी दिले. रेराची व्याख्या भाड्याच्या व्यवहारापर्यंत वाढवायला संसदेत जावं लागेल. राज्याला आपल्या भाडे कायद्यात हे करायला कुणी अडवलेलं नाही. भाडेकरूने स्वतः एजंट नेमला असेल, कंपनीने बदली केलेल्या माणसासाठी घर शोधायला कुणाला सांगितलं असेल, तर त्याने खुशाल द्यावेत. तेव्हा तो एजंट त्याचा असेल आणि पाण्याची चौकशी त्याच्यासाठी करेल. खरेदीच्या व्यवहारालाही हेच लागू आहे. खरेदीदाराकडून एक टक्का घेणाऱ्या एजंटाला किंमत जितकी चढेल तितका जास्त मोबदला मिळतो. अशा माणसाने खरेदीदारासाठी किंमत उतरवावी, ही अपेक्षा कुठल्या आधारावर ठेवायची?

भाचीच्या कराराचं दुसऱ्यांदा नूतनीकरण या महिन्यात आहे. घर तेच, मालक तेच, भाडं दोन हजारांनी जास्त. तिने आणि मालकांनी फोनवर परस्पर ठरवलं. परवा एजंटाचा निरोप आला, अर्ध्या महिन्याचं भाडं नूतनीकरणाचे म्हणून. गेल्या वर्षी तिने दिले होते. या वर्षी तिने विचारलंय, की तुम्हाला या कामासाठी मी नेमलं की मालकांनी, ते लिहून द्या. मी नेमलं असेल तर पैसे लगेच पाठवते आणि पावती द्या. निरोप वाचल्याच्या दोन निळ्या खुणा काल सकाळीच दिसल्या.